दहाव्या तासाची गाडी

धर्मग्रामातील तरुण आमच्याकडे जे प्रश्न घेऊन येतात, त्यांत नोकरी, विवाह आणि परदेशगमन हे तीन नेहमीचे. मोटारसायकल कोणती घ्यावी, हा प्रश्न मात्र आम्हांला २०२४च्या सप्टेंबरात प्रथमच विचारण्यात आला, आणि विचारणारा होता आमचा सख्खा भाचा. त्याच्या येण्याआधी तासाभरापूर्वी त्याच्या आईचा, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीचा, फोन येऊन गेला होता.

"दादा, तो तुझ्याकडे येतोय. गाडी घेऊ नकोस म्हणून सांग त्याला. तुझं ऐकेल तो."

भाचा आला तो भ्रमणध्वनीवर सात-आठ गाड्यांची चित्रे घेऊन. तीन वर्षे पगारातून पैसे साठवलेले. कामाला तो लोकलने जातो. तेव्हा गाडी रोजच्या वापरासाठी नको होती. "मामा, मला स्पोर्ट्स बाइक हवी आहे, पण लांब जाणारी. गोवा, हंपी, पुढेमागे लडाख. घेणार तर आहेच. कोणती घेऊ ते तुम्ही सांगा."

एकाच घरातून एका तासात आमच्याकडे दोन मागण्या आल्या होत्या, आणि त्या परस्परविरोधी होत्या. आम्ही त्याला चहा दिला आणि म्हणालो, "रविवारी ये. विचार करून सांगतो." विचार गाडीचा करायचा होता, तसाच आमचाही. कारण आम्हांला हा प्रश्न विचारला जात होता तो आम्ही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर एके काळी आम्ही मोटारसायकल हाकत असू म्हणून. आणि ते हाकणे आम्ही का सोडले, हे त्या घरात कोणालाच पूर्णपणे ठाऊक नव्हते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक सवय लागली. कोणत्याही वस्तूचे रूप पाहण्यापूर्वी तिचे प्रयोजन विचारायचे. ती सवय आम्ही इथे वापरली. स्पोर्ट्स बाइक कशासाठी असते? ती मुळात शर्यतीच्या मैदानासाठी घडवलेली असते. तिचे हँडल खाली आणि पुढे, पाय ठेवायचे खुंट वर आणि मागे. चालवणारा टाकीवर ओणवतो, वाऱ्याला त्याचे अंग कमी लागते, वळणावर गाडी खूप कलली तरी खुंट जमिनीला घासत नाहीत. मैदानावर हे सर्व योग्यच आहे. तिथे वेग इतका असतो की समोरून येणारा वारा छातीला टेका देतो आणि मनगटांवरचा भार हलका होतो. पण आपल्या रस्त्यांवर, ताशी ५०-६० किलोमीटरच्या चालीत, वारा तो टेका देत नाही. मग ओणवलेल्या शरीराचा भार जातो कुठे? तळहातांवर, मनगटांवर आणि मानेच्या मागच्या शिरेवर. पहिल्या दहा मिनिटांत हे कळत नाही. तिसऱ्या तासाला कळू लागते.

आणि लांब पल्ल्याची गाडी कशासाठी असते? माणसाला सायंकाळी शाबूत उतरवण्यासाठी.

या दोन प्रयोजनांचा मेळ घालण्याचा प्रयत्न जुना आहे. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९७६ साली आर १०० आरएस ही गाडी आणली. तिच्या पुढच्या भागाचे आवरण वातविवरात, म्हणजे कृत्रिम वारा सोडून आकार पारखण्याच्या बोगद्यात, तपासून घडवले होते. हेतू केवळ वेग वाढवण्याचा नव्हता. चालवणाऱ्याच्या छातीवरचा वारा उडवून लावण्याचाही होता. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० वरून ८० वर गेलो की वेग दुप्पट होतो, पण वारा चौपट ढकलतो. दिवसभर त्या वाऱ्याशी झुंजणारा माणूस काही काम न करताच थकतो. आपल्याकडे २००३ साली हिरो होंडाने करिझ्मा आणली. २२३ सीसीची, पुढे अर्धे आवरण असलेली. तिच्यावर कित्येक तरुण दूरदूरचे प्रवास करून आले. दिसायला चपळ आणि बसायला सोसणारी, असा तो मेळ लोकांना आवडला होता.

इतके वाचून झाल्यावर आम्ही रस्त्यांचा विचार केला, आणि एक गमतीदार गोष्ट ध्यानात आली. आपल्या राज्यातील जे रस्ते वेगासाठी बांधले, त्यांवर मोटारसायकलला प्रवेशच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नाही, नागपूरला जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर नाही, २०२४च्या जानेवारीत खुल्या झालेल्या अटल सेतूवरही नाही. वसईकराच्या वाट्याला उरतात ते अहमदाबादचा महामार्ग आणि कोकणातून गोव्याला जाणारा क्रमांक ६६, जुन्या माणसांच्या तोंडचा सतरा नंबर. २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेने मोटारसायकलसाठी चौपदरी रस्त्यावर कमाल वेग ठरवला तो ताशी ८० किलोमीटर. मग दीडशेच्या वेगाने धावू शकणाऱ्या गाडीचे काय करायचे?

रविवारी भाच्याला आम्ही हाच प्रश्न घातला. त्याचे उत्तर विचार करायला लावणारे होते. "मामा, दीडशेने जायचं नाहीये. पण ऐंशीने जाताना इंजिन धापा टाकत नसेल तर माणूसही धापा टाकत नाही. आणि घाटात ट्रकच्या पुढे जायचं असेल तर लवकर जाता यायला हवं. जितका वेळ ट्रकच्या शेजारी, तितका धोका."

हे खरे होते. शक्ती ही केवळ वेगासाठी नसते. धोक्याच्या जागेतून लवकर निघून जाण्यासाठीही ती हवी असते. आम्ही मनातल्या मनात त्याला एक गुण दिला, आणि मग जे सांगायचे ठरवले होते ते सांगायला बसलो. बहिणीलाही बोलावून घेतले होते.

१९९८ साली, गुरुदीक्षेनंतर वर्षभराने, आमची नेमणूक जव्हारच्या पलीकडच्या डोंगराळ भागात झाली. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. आमच्याकडे यामाहाची जुनी आरएक्स १०० होती. शंभर सीसीची, दोन घातांच्या इंजिनाची, अकरा अश्वशक्तीची. पण त्या काळच्या तरुणांना तीच स्पोर्ट्स बाइक वाटे, आणि आम्ही तरुण होतो. तिचा आवाज ऐकून पाड्यांवरची मुले धावत येत आणि आम्हांला ते आवडे, हे आज कबूल करायला हरकत नाही.

१९९९च्या जूनच्या तोंडाशी आमच्या शाळेतील एका गुरुजींना मागे बसवून आम्ही नाशिकहून शाळेची पुस्तके घेऊन परतत होतो. गाडीला सामान ठेवायची सोय नव्हती. पुस्तकांची जड पिशवी गुरुजींच्या खांद्यावर. पहाटेपासून आम्ही रस्त्यावर होतो. मोखाड्याला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. गुरुजी म्हणाले, "फादर, आज इथंच राहू या का?" आम्ही म्हणालो, "तासाभराचा तर प्रश्न आहे." अखेरच्या आठ किलोमीटरांत, ताशी तिसाच्याही वेगाने नसेल, एका वळणावर गाडी घसरली. आम्हांला खरचटले. गुरुजींचा घोटा गाडीखाली आला. नाशिकला शस्त्रक्रिया झाली, पण पाय पूर्ववत झाला नाही. आजही ते जिना चढताना कठडा धरतात.

"वळणावर खडी होती म्हणून सांगितलं होतंस," बहीण म्हणाली.

खडी होती, ते खरेच होते. पण ते पुरते खरे नव्हते. ती खडी सकाळी जातानाही होती आणि सकाळी आम्ही ती टाळली होती. रात्री आमचे डोळे उघडे होते, मन मात्र हजर नव्हते. हातांना ब्रेक दाबायचे सुचेपर्यंत गाडी आडवी झाली. आम्ही वेगाने पडलो नाही, आम्ही थकव्याने पडलो. ही गोष्ट आम्ही पंचवीस वर्षे खडीच्या नावावर खपवली होती.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आम्ही भाच्याला म्हणालो, "गाडी घेऊ नकोस असे आम्ही सांगणार नाही. पण निवडताना पहिल्या दहा मिनिटांत ती कशी वाटते हे पाहू नकोस. दहाव्या तासाला कशी वाटेल, ते पाहा."

त्यानंतरचे तीन शनिवार आम्ही गाड्या पाहण्यात घालवले. झग्यातला धर्मगुरू मोटारसायकलींच्या दालनात शिरला की विक्रेत्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. आमची परीक्षा साधी होती. गाडी मधल्या स्टँडवर किंवा मदतनिसाच्या आधाराने सरळ उभी करायची, भाच्याने तिच्यावर बसून हँडल धरायचे, आणि घड्याळ लावून वीस मिनिटे तसेच बसायचे. पहिल्या ठिकाणी पोरे हसली. दहाव्या मिनिटाला भाच्याने एक हात सोडून मनगट झटकले, तेव्हा हसण्यात तोही सामील झाला.

ती गाडी होती केटीएमची आरसी ३९०. दिसायला बाणासारखी. ३७३ सीसी, ४३ अश्वशक्तींच्या वर जोर, आणि भाच्याच्या डोळ्यांत ती भरलेली. तिच्या गुणांविषयी शंका नव्हती. ती ज्या कामासाठी घडली त्या कामात ती उत्तमच. पण मागे बसणाऱ्याची जागा उंचावर आणि पाटापेक्षा लहान. बहिणीला तिथे बसून पाहा म्हटले, तर तिने नुसतीच नजर टाकली आणि म्हणाली, "इथं माणूस बसत नाही, चिमणी बसते."

दुसऱ्या शनिवारी आणखी दोन गाड्या पाहिल्या. टीव्हीएसची अपाची आरआर ३१० हीही पूर्ण आवरणाची. पण हँडल फार खाली नाही, त्यामुळे वीस मिनिटांची परीक्षा ती पार पडली. तिची पेट्रोलची टाकी ११ लिटरची. रॉयल एनफिल्डची ४५२ सीसीची हिमालयन बसायला ऐसपैस, टाकी १७ लिटरची, खड्डे गिळण्यात तरबेज. पण भाचा मध्यम उंचीचा आणि तिची बैठक उंच. उभे राहताना दोन्ही टाचा टेकत नव्हत्या. भरलेल्या सामानासह घाटातल्या उतारावर गाडी थांबवायची झाली, तर टेकलेली टाच फार मोलाची असते. शिवाय ती खेळगाडी नव्हती, आणि मुलाच्या हौसेलाही काही मान असतोच.

तिसऱ्या शनिवारी बजाजची डॉमिनार ४०० पाहिली, आणि तिथे आम्हांला एक नवल कळले. हिच्या इंजिनाची मूळ घडण आणि आरसीच्या इंजिनाची घडण एकाच घराण्यातली. तेच ३७३ सीसी. केटीएम आणि बजाज यांचे भागीदारीचे नाते २००७ पासूनचे, त्यातून हे घडलेले. काळीज एकच, पण बांधा निराळा. एक भावंड कमरेत वाकून धावते, दुसरे पाठ ताठ ठेवून चालते. हिचा जोर थोडा कमी, ४० अश्वशक्तींचा. वजन दहा-वीस किलोंनी अधिक. पण हँडल हाताशी येते, मागची बैठक माणसाची आहे, आणि २०२१ पासून वाऱ्याचा उंच काच-पडदा, सामानाचा कठडा, हातांना वारा लागू न देणारे आडोसे हे सारे कारखान्यातूनच बसवून मिळू लागले होते. वीस मिनिटे झाल्यावर भाचा उतरला नाही. "मामा, अजून दहा बसतो," म्हणाला.

या खटाटोपात आम्ही जे शिकलो ते इतर घरांनाही उपयोगी पडावे म्हणून इथे मांडतो. बैठक, हँडल आणि पायाचे खुंट यांचा त्रिकोण ही पहिली गोष्ट. तो आपल्या अंगाला बसला पाहिजे, गाडीच्या चित्राला नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे टाकी. ती किती लिटरची यापेक्षा एका भरतीत गाडी किती किलोमीटर जाते हे पाहावे. तीनशेच्या वर जाते ती लांबच्या कामाची. तिसरी गोष्ट, सामान गाडीच्या अंगावर गेले पाहिजे, माणसाच्या पाठीवर नव्हे. दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या पिशव्या, जड वस्तू खाली. चाकाचे टायर ट्यूबविरहित असले, तर पंक्चर वाटेतच दहा मिनिटांत निघते. ट्यूब असली तर चाक उतरवावे लागते. १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. जोराने ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरू न देणारी ही व्यवस्था १९९९ साली आमच्या गाडीला नव्हती. जुनी गाडी घेणाऱ्याने ती आहे की नाही हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत. आणि ज्या गावांतून जायचे त्या गावांत तिची दुरुस्ती होते की नाही, हेही आधी विचारावे. नावाजलेली गाडी आडगावात बंद पडली, तर तिचे नाव ढकलायला येत नाही.

गाडी दिवाळीच्या आधी घरी आली. पहिली काही आठवडे भाच्याने ती जवळपासच चालवली. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांत रुळेपर्यंत त्याला ताणायचे नसते; पहिली सर्व्हिसिंग होऊन तेल बदलल्यावरच लांबचा रस्ता धरायचा. चेनला दर पाचशे किलोमीटरला तेल द्यायचे, हे तो एका वहीत लिहून ठेवू लागला. त्या वहीप्रमाणे गाडी लिटरला सत्तावीस किलोमीटर देत होती; म्हणजे १३ लिटरच्या टाकीत साडेतीनशे.

नोव्हेंबरच्या अखेरीस आम्हांला जुन्या गोव्याला जायचे होते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दहा वर्षांनी २१ नोव्हेंबरपासून खुले झाले होते. रेल्वेची तिकिटे मिळत नव्हती. भाचा म्हणाला, "मामा, मागे बसाल?"

पंचवीस वर्षांत आम्ही मोटारसायकलवर बसलो नव्हतो. "बसतो," असे आम्ही म्हणालो ते आमच्याच कानांना नवे वाटले.

वसई ते जुने गोवे सुमारे सहाशे किलोमीटर. दोन दिवसांत जायचे ठरवले. पहिला मुक्काम चिपळूणला. दोघांनाही पूर्ण तोंड झाकणारी शिरस्त्राणे, जाड जाकिटे, दर दीड तासाला उतरून पाणी. पहिला दिवस सुखात गेला. मागच्या बैठकीविषयी आम्हांला तक्रार नव्हती. काच-पडद्यामुळे वारा डोक्यावरून जात होता. दुसऱ्या दिवशी मात्र संगमेश्वर ते लांजा या टप्प्यात रस्त्याचे काम चालू असलेले. धूळ, वळसे, ट्रकांच्या रांगा. हिशोब चुकला. कुडाळ मागे पडले तेव्हा सूर्य मावळला होता. झारापच्या सुमारास पुरता अंधार झाला. गोवा आता दीड-दोन तासांवर होते. रस्ता इथे चौपदरी, गुळगुळीत. गाडी कुरकुरत नव्हती. आम्हांला मुळीच झोप आली नव्हती, आणि खरे सांगायचे तर लवकर पोहोचावे असेच वाटत होते.

भाच्याने गाडी एका धाब्याच्या उजेडात घेतली आणि शिरस्त्राण काढले.

"मामा, गाडी ठीक आहे. मी ठीक नाही. मघाशी एक दुभाजक मला उशिरा दिसला. आज इथंच राहू या."

तासाभराचा तर प्रश्न आहे, हे शब्द आमच्या ओठांपर्यंत आले होते. आम्ही ते गिळले आणि म्हणालो, "राहू या."

सावंतवाडीत एका साध्या लॉजमध्ये खोली मिळाली. भाच्याने आईला फोन करून आज पोहोचत नाही म्हणून सांगितले. पलीकडून ती काय म्हणाली ते आम्हांला ऐकू आले नाही. पण तो हसला, आणि पाच मिनिटांत झोपला.

आम्हांला झोप लागेना. आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो आणि गुरुजींना फोन लावला. ते आता निवृत्त होऊन मुलाकडे राहतात. नाताळला आम्ही एकमेकांना फोन करतो. पण हे दिवस नाताळचे नव्हते, त्यामुळे ते जरा घाबरले. त्यांना आम्ही सांगितले की मोखाड्याला तुम्ही थांबू या म्हणालात, आणि आम्ही ऐकले नाही. दोष खडीचा नव्हता.

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग गुरुजी म्हणाले, "फादर, मला ते त्या रात्रीच ठाऊक होतं. तुम्ही कधी बोलाल, याची वाट पाहत होतो."

आम्हांला काही बोलता येईना. तेव्हा त्यांनीच विचारले, "भाच्यानं गाडी कोणती घेतली म्हणता?"

आम्ही नाव सांगितले.

"मागची सीट बरी आहे ना?" गुरुजींनी विचारले.